लाइट गेल्यावर काय उरतं? कोकण किनाऱ्यावरून लांबच्या शिडाच्या सफरीसाठी उपकरणं निवडताना

विजयदुर्ग मागे टाकून दक्षिणेला निघालो होतो. किनारा आठ-नऊ सागरी मैलांवर. पहाटे पावणेतीनला बोटीतला लाइट गेला. नकाशावर बोटीची जागा दाखवणारा चार्टप्लॉटर, व्हीएचएफ रेडिओ, खोली दाखवणारं यंत्र, डोलकाठीच्या टोकावरचा दिवा, सगळं एका क्षणात काळं. समोरून एक ट्रॉलर येत होता. मी मोठ्या टॉर्चचा झोत शिडावर मारून धरला, ट्रॉलर वळला. मग डाव्या हाताला देवगडच्या दीपगृहाची उघडझाप आणि पुढ्यात होकायंत्र, एवढ्यावर उजाडेपर्यंत गेलो. सकाळी कारण सापडलं. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावरच्या नटाखाली हिरवट भुकटी साठली होती. दीड वर्षं पैसे साठवून घेतलेला नऊ इंची पडदा त्या भुकटीने बंद पाडला होता.

बरोबर मालवणचे एक जुने तांडेल, म्हणजे बोट हाकणारे मुरलेले खलाशी, होते. आदल्याच दिवशी ते म्हणाले होते, "ह्या टीव्हीत कित्याक बघतंस? भायर बघ."

कोकणात वाढलेल्या माणसाला खरं तर लाइट जाण्याचं काय कौतुक? जूनमध्ये पहिला वारा सुटला की लाइट जाणार हे धरूनच आपण चालतो. मेणबत्ती कुठल्या कोनाड्यात आणि काडेपेटी कुठे, हे अंधारात हाताला माहीत असतं. बोटीवर मात्र हेच शहाणपण विसरून आपण कॅटलॉगमधल्या सगळ्यात मोठ्या पडद्यापासून खरेदीला सुरुवात करतो. मी तेच केलं होतं. आता प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारतो: बोटीची बॅटरी मेली तरी हे चालेल का? आणि अंधारात, ओल्या हातांनी, कललेल्या बोटीत हे मला सापडेल का? खरेदीचा क्रम या दोन प्रश्नांवरून ठरवला आहे.

आधी सफर कागदावर मांडा

हा लेख २८ ते ३५ फुटी शिडाच्या बोटीने, दोघा-चौघांत, लांब जाऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणाला रत्नागिरी ते कोची घेऊ. अंतर साधारण साडेचारशे सागरी मैल. सलग पाच नॉटचा, म्हणजे तासाला पाच सागरी मैलांचा, वेग मिळाला तर जवळजवळ चार दिवस, वारा पडला तर सहा. म्हणजे किमान चार रात्री, आणि आळीपाळीने पहारा.

महिना आधी ठरवा. फयान चक्रीवादळ ११ नोव्हेंबर २००९ ला आलं, तौक्ते १६-१७ मे २०२१ ला आपल्या किनाऱ्यासमोरून गेलं, निसर्ग ३ जून २०२० ला रायगडात घुसलं. डिसेंबर २०१७ मध्ये ओखीच्या तडाख्यातून केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी बोटी देवगडात आसऱ्याला आल्या होत्या. माझा कौल डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा. पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा, दुपारनंतर वायव्येचा खारा वारा, आणि दक्षिणेला जाणाऱ्याला दोन्ही सोयीचे. परतीचं मात्र वेगळं बघावं लागतं.

कागदावर चारच गोष्टी लिहा: किनाऱ्यापासून जास्तीत जास्त किती दूर, सलग किती रात्री, कोण कोण, आणि कुठल्या बंदरांत आडोसा घेता येईल. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड अशी ठिकाणं हाताशी असतील तेव्हाची यादी वेगळी, लक्षद्वीपकडे वळाल तेव्हाची वेगळी.

पहिली खरेदी: स्वतःची बॅटरी असलेल्या वस्तू

सगळ्यात आधी ईपर्ब, म्हणजे बोटीचं संकटसंदेश यंत्र. हे ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांना संकटाचा संदेश पाठवतं आणि १२१.५ मेगाहर्ट्झवर जवळ आलेल्या बचावपथकाला दिशा दाखवतं. चालू केल्यावर किमान ४८ तास चालायला हवं. जीपीएस आत असलेलंच घ्या, शोधाचा परीघ त्याने खूप लहान होतो. भारताच्या टापूतला संदेश बंगळूरुच्या इस्रोच्या नियंत्रण केंद्रात येतो आणि तिथून तटरक्षक दलाच्या बचाव समन्वय केंद्राकडे जातो. आपल्या किनाऱ्यासाठी ते केंद्र मुंबईत.

पण घेतलं आणि टांगलं, एवढ्याने भागत नाही. प्रत्येक ईपर्बला १५ चिन्हांची स्वतःची ओळख असते. ती बोटीच्या वर्णनासह आणि घरच्या दोन फोन नंबरांसह नोंदवावी लागते. नोंद नसेल तर संदेश पोचतो, पण तो कोणाचा, बोट केवढी, माणसं किती, हे कळायला वेळ जातो. दुसरी मेख परदेशातून मागवलेल्या यंत्राची. त्यात भारताचा ४१९ हा कोड घातलेला आहे का, हे विकत घेण्याआधी लेखी विचारा. दुसऱ्या देशाचा कोड असेल तर तुमची माहिती त्या देशाच्या नोंदवहीत शोधली जाईल. बॅटरीची मुदत बाहेरच्या पट्टीवर छापलेली असते, दुकानात तीच आधी वाचा. वर्षभर कपाटात पडून राहिलेलं यंत्र "नवीन" म्हणून मिळू शकतं.

मच्छीमारांसाठी इस्रोने स्वतंत्र संकटसंदेश यंत्र केलं आहे. त्याच्या दुसऱ्या पिढीत "तुमचा संदेश मिळाला" अशी पोचही परत येते. बुडत्या माणसाला ही पोच केवढी मोठी गोष्ट आहे! तुमची बोट मासेमारीची म्हणून नोंदलेली असेल तर मत्स्यव्यवसाय खात्यात आधी याची चौकशी करा.

पहाऱ्यावर एकटं बसणाऱ्याच्या जॅकेटला पीएलबी हवं. ते ईपर्बचंच धाकटं भावंड, किमान २४ तास चालणारं. आणि तिसरी वस्तू हातातला व्हीएचएफ: पाच वॉटचा, पाण्यात तरंगणारा, साध्या पेन्सिल सेलवर चालवता येईल असा जादा खोका सोबत असलेला. चार्जिंगची बॅटरी संपली की सेल कुठल्याही बंदरावरच्या टपरीत मिळतात. त्या रात्री आमच्याकडे हाच एक सेट जिवंत होता.

उपग्रह फोनचा मोह होतो, म्हणून स्पष्टच सांगतो. थुराया, इरिडियम यांचे फोन किंवा उपग्रहावरून मेसेज पाठवणारी खिशातली यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगणं गुन्हा आहे. गोव्याच्या विमानतळावर असं यंत्र बॅगेत सापडलं म्हणून परदेशी पर्यटकांवर कारवाई झाली आहे. परदेशी व्हिडिओ बघून "सगळेच नेतात" म्हणत मागवू नका. अधिकृत वाट बीएसएनएलमार्फत मिळणाऱ्या इनमारसॅट सेवेची आहे.

व्हीएचएफ आणि एआयएस

बोटीवरचा कायमचा व्हीएचएफ २५ वॉटचा असतो. पण पल्ला वॉटवर कमी आणि अँटेनाच्या उंचीवर जास्त ठरतो. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, त्याला २.२ ने गुणा, की सागरी मैलांत क्षितिज मिळतं. दोन्ही बाजूंची बेरीज करा. १२ मीटरच्या डोलकाठीवरचा अँटेना तशाच दुसऱ्या बोटीशी १५ मैलांवरून बोलेल. किनाऱ्यावर १०० मीटर उंच डोंगरावर अँटेना असेल तर ३० मैल. कॉकपिटमध्ये बसून हातातल्या सेटवरून दुसऱ्या हातातल्या सेटशी, गणिताने पाच मैल, प्रत्यक्षात तीन धरा. म्हणून पैसे सेटपेक्षा अँटेना आणि जाड केबलवर जास्त घाला. डोलकाठी मोडली तर अँटेनाही जाणार, तेव्हा एक छोटा जादा अँटेना आत ठेवा.

डीएससी असलेलाच सेट घ्या. लाल झाकणाखालचं बटण काही सेकंद दाबून धरलं की ७० नंबरच्या चॅनेलवर तुमची ओळख आणि ठिकाण आपोआप जातं, मग १६ वर तोंडी बोलायचं. यासाठी एमएमएसआय हा बोटीच्या ओळखीचा नऊ आकडी नंबर सेटमध्ये भरलेला आणि जीपीएस जोडलेला हवा. मी पाहिलेल्या कितीतरी बोटींवर सेट आहे, बटण आहे, नंबर भरलेलाच नाही. वायरलेसच्या परवान्याचं कामही याच वेळी उरका, त्याला वेळ लागतो.

एआयएस म्हणजे बोटींची नावं आणि ठिकाणं रेडिओवरून एकमेकींना कळवणारं यंत्र. तो दोन प्रकारचा: फक्त ऐकणारा, आणि ऐकून बोलणारा. लांबच्या सफरीला बोलणारा घ्या. त्यातही पाच वॉटचा नवा ब वर्ग, दोन वॉटच्या जुन्यापेक्षा बरा. मोठ्या जहाजाच्या ब्रिजवर तुम्ही नावासकट दिसता, हा फायदा मोठा आहे.

पण कोकणातल्या रात्री एआयएसवर डोळे लावून बसणं धोक्याचं. आपल्या किनाऱ्याला खरी धास्ती जहाजांची नाही, जाळ्यांची. छोट्या मासेमारी बोटींवर एआयएस बहुधा नसतो. फायबरची आणि लाकडाची बोट रडारवरही फिकी दिसते. जाळ्याच्या टोकाला कधी लुकलुकता दिवा असतो, कधी नुसता बांबू आणि त्यावर काळा बावटा, कधी थर्माकोलचा तुकडा. पडदा कितीही महाग घ्या, तो बांबू त्यात येणार नाही. त्यावर उपाय म्हणजे पुढे बसलेला माणूस, एक चांगली दुर्बीण आणि जोरदार टॉर्च. शिवाय इंजिनाच्या पंख्यात अडकलेली दोरी कापायला दातेरी सुरी आणि पाण्याखाली बघायला डोळ्यांवरचा मास्क. कुठल्याच विक्रेत्याच्या यादीत हे नसतं.

पडदा, होकायंत्र, खोली

चार्टप्लॉटर जरूर घ्या, फक्त नऊ इंचीचा हट्ट धरू नका. सात इंची पडदा पुरतो आणि वीज कमी खातो. दुकानात एसीखाली सगळेच पडदे झकास दिसतात, म्हणून बाहेर उन्हात नेऊन बघा. पोलराइज्ड गॉगल घालून मान तिरपी करा, काही पडदे चक्क काळे पडतात. आणि बोटांना खारं पाणी लावून टचस्क्रीन चालवून पाहा. माझा पडदा ओल्या बोटाने भलतीकडेच पळायचा, म्हणून आता बटणं असलेला घेतला आहे.

दुसरी प्रत फोनमध्ये, आधी उतरवून ठेवलेल्या नकाशांसह. तिसरी कागदावर: देहरादूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाचे नकाशे. खाड्यांच्या तोंडाशी मात्र तिन्हीवर विसंबू नका. पावसाळ्यात वाळूचे दांडे जागा बदलतात, नकाशातली खोली गेल्या मोसमाआधीची असते. भरतीच्या शेवटच्या टप्प्यात, गावातल्या कोणाला तरी विचारून शिरा. म्हणूनच खोलीचं यंत्र माझ्या मते प्लॉटरपेक्षा आधी यावं.

होकायंत्राला वीज लागत नाही, तेव्हा त्याच्यावर प्रेम करा. कोकणात चुंबकीय फरक, म्हणजे खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतलं अंतर, जेमतेम अंशाच्या आसपास, त्यामुळे गणित सोपं. चूक होते ती शेजारी ठेवलेल्या फोनमुळे किंवा स्पीकरमुळे. सुई हलते का, ते वस्तू जवळ-लांब नेऊन तपासा.

विजेचा जमाखर्च

हे गणित न करता कुणी काही विकत घेऊ नये. १२ व्होल्टवर आमच्या बोटीचा २४ तासांचा खर्च असा: प्लॉटर १ अँपिअरने दिवसभर, २४ अँपिअर-तास. व्हीएचएफ नुसता ऐकत असताना १०. एआयएस ७. खोली आणि वाऱ्याची यंत्रं ५. टोकावरचा एलईडी दिवा रात्रभर २. ऑटोपायलट सरासरी अडीच अँपिअरने १६ तास, ४०. आतले दिवे, पंखा, फोन १२. एकूण १००.

शंभर वॉटचं सोलर पॅनेल शिडाची सावली धरून दिवसाला २५ ते ३० देतं. दोन पॅनेल, साठाच्या आत. उरलेले चाळीस इंजिनाच्या आल्टरनेटरने भरायचे. साध्या लेड-अॅसिड बॅटरीतून निम्म्याहून जास्त काढू नये, म्हणजे २०० अँपिअर-तासांची बॅटरी लागली. लिथियम फॉस्फेट असेल तर १२० पुरते, पण तिला तिचा वेगळा चार्जर आणि जाणता माणूस हवा. नुसती जुनी काढून नवी बसवली तर आल्टरनेटर जळण्याची भीती असते.

यादी परत बघा. चाळीस टक्के वीज एकटा ऑटोपायलट खातो. वाऱ्यावर चालणारा विंडव्हेन सुकाणू बसवला तर तो खर्च शून्यावर येतो, आणि लाइट गेल्यावरही तो चालूच राहतो. महाग आहे, मागच्या बाजूला ओबडधोबड दिसतो, तरी लांबच्या सफरीला मी प्लॉटरच्या पैशांतून कापून हा घेईन.

वायरिंगचं एवढंच: तांब्यावर कथिलाचा मुलामा असलेली सागरी वायर वापरा, घरगुती नको. पितळेचं भांडं कल्हई नसली की जसं कळकतं, तशी उघडी तांब्याची तार खाऱ्या हवेत आतून कळकते. वरचं प्लास्टिक नवंकोरं दिसतं, सोलून बघितलं तर आत काळी पूड. जोड दाबून बसवा, वर उष्णतेने आवळणारी चिकट नळी चढवा. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, नाहीतर मधल्या वायरला आग लागली तर फ्यूजला पत्ताच लागत नाही. आणि महिन्यातून एकदा बॅटरीची टोकं उघडून, घासून, व्हॅसलिन लावून पुन्हा घट्ट करा. ही पाच मिनिटं मी पूर्वी दिली नव्हती.

अंगावरच्या वस्तू

लाइफ जॅकेट १५० न्यूटनचं, हार्नेस जोडलेलं, शिट्टी आणि दिवा असलेलं. मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर सरकून कानांपाशी येतं आणि माणूस खाली राहतो. खोटं वाटत असेल तर भरतीच्या वेळी खाडीत उडी मारून बघा, आधी पट्ट्याशिवाय, मग पट्ट्यासह. आपोआप फुगणारी जॅकेटं दोन जातींची: विरघळणाऱ्या गोळीची आणि पाण्याच्या दाबावर चालणारी. कोकणच्या दमटपणाला दुसरी जात.

रात्री आणि एकटं असताना टेदर, म्हणजे हार्नेस बोटीला अडकवणारा पट्टा, लावल्याशिवाय कॉकपिट सोडायचा नाही. एक फाटा दोन मीटरचा, एक मीटरभराचा, म्हणजे एक सोडण्याआधी दुसरा अडकवता येतो. टेदर अडकवायला डेकवरून पुढेपर्यंत ताणायची जॅकलाइन चपट्या पट्टीची घ्या, गोल दोरी पायाखाली घरंगळते.

माणूस पडला तर? सराव नारळाने करा. असोला नारळ माणसाच्या डोक्याएवढा असतो आणि तसाच अर्धा बुडून तरंगतो. कोणालाही न सांगता तो पाण्यात टाका आणि "माणूस पडला" ओरडा. एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं, दुसऱ्याने बोट वळवायची. साध्या दुपारच्या लाटांत पन्नास मीटरवर नारळ दिसेनासा होतो. आमच्या पहिल्या तीन नारळांपैकी दोन गोव्याच्या दिशेने गेले.

फ्लेअर, राफ्ट आणि हाताशी ठेवायची पिशवी

फ्लेअर म्हणजे संकटात पेटवायचा इशारा. पॅराशूट फ्लेअर ३०० मीटर वर जाऊन ४० सेकंद जळतो, हातातला मिनिटभर, नारिंगी धुराचा डबा दिवसा तीन मिनिटं. हातातला फ्लेअर वाऱ्याच्या खालच्या बाजूला, बोटीबाहेर धरा, आणि कुणीतरी नजरेच्या टप्प्यात असल्याशिवाय पेटवू नका. मुदत साधारण तीन वर्षं. मुदत संपलेले दिवाळीत उडवायचा मोह आवरा, तटरक्षक दलाची बोट तुमच्या शोधात निघाली तर हसू होणार नाही.

दिवसादिवसाने बंदरं गाठत जाणार असाल तर राफ्टशिवाय, म्हणजे फुगणाऱ्या जीवरक्षक तराफ्याशिवाय, भागेल. कोची सलग करणार असाल तर घ्या, आणि त्याची वेळच्या वेळी तपासणी कुठे होते हे आधी बघा. डेकवर ठेवणार असाल तर पाण्याच्या दाबाने सुटणारा खटका लागतो, त्यालाही मुदत असते, बहुधा दोन वर्षांची. दोरीचं टोक बोटीला बांधलेलं आहे ना, हे निघण्यापूर्वी हात लावून बघा.

पिशवीत हातातला व्हीएचएफ, पीएलबी, टॉर्च, फ्लेअर, पाणी, ग्लुकोज बिस्किटं, उलटीच्या गोळ्या, ओळखपत्रांच्या प्रती. ती कुठे ठेवता, हे आत काय आहे याहून मोठं. सप्टेंबर २०१८ मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय नौदलातल्या अभिलाष टॉमींची बोट दक्षिण हिंदी महासागरात उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला. त्यांच्याकडे दुसरा सॅटेलाइट फोन आणि हातातला व्हीएचएफ होता, पण तो संकटाच्या पिशवीत, आणि पडल्या जागेवरून पिशवीपर्यंत पोचता येत नव्हतं. जवळच्या यंत्रावरून त्यांनी मजकूर पाठवला आणि तीन दिवसांनी फ्रेंच जहाज ओसिरिसने त्यांना उचललं. आमची पिशवी आता झोपायच्या फळीला बांधलेली असते, आडवं पडून हात पोचेल अशी.

हवामान आणि निघण्यापूर्वीची रात्र

किनाऱ्याजवळ फोनवर हवामान खात्याचं सागरी बुलेटिन आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज बघा. रेंज गेल्यावर ५१८ किलोहर्ट्झवरचा नॅवटेक्स रिसीव्हर इशारे पकडतो आणि वीज अगदी थोडी खातो. वळिवाच्या विजा दिसू लागल्या की हातातला सेट आणि जादा फोन घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात टाका. खात्री नाही, पण वाचण्याची शक्यता वाढते.

मार्ग, माणसांची नावं आणि पोचण्याची वेळ घरी लिहून द्या. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन नंबर त्याच कागदावर. उशीर किती झाला की फोन करायचा, तो तास ठरवून लिहा, नाहीतर घरचे संकोचात वेळ घालवतात.

मग नांगरावर एक रात्र काढा आणि मध्यरात्री कोणालाही न सांगता मुख्य स्विच बंद करा. टॉर्च किती सेकंदांत सापडली, हातातला सेट कोणी उचलला, होकायंत्र कशाच्या उजेडात वाचलं, ते बघा. आमच्या पहिल्या खेपेला टॉर्च सापडायला चार मिनिटं लागली, आणि ती डाळीच्या डब्यामागे होती.

पावसाळ्यात

बोट ओढून शाकारली की पडदे, सेट, ईपर्ब घरी आणा. हातातल्या सेटच्या बॅटऱ्या अर्ध्या भरून वेगळ्या काढा, प्लगवर फवारा मारून टोप्या चढवा, सगळं सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात. गोळीचं जॅकेट असेल तर गोळी काढून ठेवायला विसरू नका. माझं जुनं जॅकेट मी तसंच कपाटात टांगलं होतं. जुलैतल्या एका रात्री दीड वाजता कपाटात फट् असा आवाज झाला, दार आपोआप उघडलं आणि साड्यांच्या मधून पिवळं धमक जॅकेट फुगून बाहेर आलं. हवेतल्या ओलीने गोळी विरघळली होती. घरात लाइट अर्थातच नव्हता.